विरुद्ध बाकावरची मैत्रीण

माझ्या सासूबाई एके काळी नगरसेविका होत्या, हे मला लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी कळलं, आणि तेही गंमत म्हणून. मामंजी जेवताना सांगायचे, "पक्षाला खरं तर मी हवा होतो. पण मी पडलो संरक्षण खात्याच्या कारखान्यातला कारकून, मला कसं उभं राहता येणार? त्यात आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. मग काय, हिचं नाव दिलं." सगळे हसायचे. सासूबाईही थोडं हसायच्या आणि कुणाला रसम हवंय का ते विचारायच्या.

मी मूळची साताऱ्याची. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत नोकरी लागली म्हणून चेन्नईला आले आणि इथल्याच एका तंजावरकडच्या मराठी घरात लग्न केलं. आमचं गाव आवडी नावाच्या उपनगराच्या पुढं, लोकल गाडीच्या वाटेवर. आता ते शहराला जवळजवळ चिकटलंय, पण सासूबाई निवडून आल्या तेव्हा तिथं लहानशी नगरपालिका होती. सासूबाईंचं मराठी फार जुन्या वळणाचं, त्यात मधूनमधून तमिळ. माझं सातारी. सुरुवातीला आम्ही दोघी एकमेकींशी जपूनच बोलायचो, कारण समोरचीला निम्मं कळणार नाही याची खात्री असायची. पुढं मला तमिळ आलं आणि सोपं झालं.

मामंजी गेल्यावर ती गंमत सांगणारं कुणी उरलं नाही. सासूबाईंच्या नगरसेवकपणाचा विषय घरातून गेलाच होता म्हणा. तो परत आला तो गेल्या वर्षी, पक्षाच्या महिला आघाडीच्या संघटक बाई घरी आल्या तेव्हा.

बाई चाळिशीच्या, चटपटीत, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात निमंत्रणं. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं की चेन्नईत एग्मोरच्या एका हॉटेलात पक्षानं मोठं जेवण ठेवलंय. पक्षासाठी निधी जमवायचा आहे, आणि राजकारणातल्या स्त्रियांचा गौरवही करायचा आहे. बायकांना राखीव जागा मिळाल्या त्या पहिल्या निवडणुकीत पक्षाकडून निवडून आलेल्या ज्या बायका आज हयात आहेत, त्यांना मंचावर बोलवायचं आहे.

"अम्मा, तुम्ही यायलाच हवं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "आणि तुम्हीही. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायका आम्हाला हव्याच आहेत. पुढच्या निवडणुकीचा विचार आत्तापासून करावा लागतो."

मी हसून विषय टाळला. सासूबाईंनी निमंत्रण उलटसुलट करून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "तिथं बोलायला देणार का?"

"वेळ थोडा असतो ना अम्मा. शाल, फोटो, मग जेवण."

"शरी," सासूबाई म्हणाल्या. म्हणजे बरं.

जायच्या दिवशी त्यांनी कांजीवरम नेसली नाही. फिकट पिवळ्या रंगाची सुती साडी काढली, इस्त्री करून आणायला लावली, आणि दुपारपासून तयार होऊन बसल्या. नवऱ्याला कामावरून सुटता आलं नाही म्हणून गाडी मीच चालवली. अंबत्तूरच्या पुढं गर्दीत अडकलो, तेव्हा मी सहज विचारलं, "अम्मा, तुम्हाला आवडायचं का ते काम?"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "हें मज कोणी विचारिलें नाहीं," म्हणाल्या. एवढंच. पुढचा सिग्नल हिरवा झाला आणि मला लक्ष रस्त्याकडं द्यावं लागलं.

हॉटेलचा हॉल मोठा होता, वातानुकूलित, इतका गार की बायकांनी पदर अंगाभोवती ओढून घेतले होते. गोल टेबलं, त्यांवर पांढरी कापडं, मधे जास्वंदीच्या रंगाची प्लास्टिकची फुलं. ही टेबलं देणगीदारांनी घेतलेली होती. कुणी बांधकामवाले, कुणी कॉलेज चालवणारे, कुणी वाहतूक कंपनीचे. त्यामुळं मंचाजवळच्या टेबलांवर बहुतेक पुरुषच होते, आणि ज्यांचा गौरव व्हायचा त्या बायका मागच्या दोन रांगांत, स्वयंपाकघराच्या दाराजवळ. मागून वाढपी सतत ये-जा करत होते. दार उघडलं की भांड्यांचा आवाज आणि कढीपत्त्याच्या फोडणीचा वास आत यायचा.

आमच्या टेबलावर आणखी तीन म्हाताऱ्या बायका होत्या, प्रत्येकीबरोबर एक मुलगी नाही तर सून. सासूबाई त्यांच्याशी लगेच बोलायला लागल्या. कुठला वॉर्ड, किती वर्षं, नंतर काय केलं. नंतर काय केलं याचं उत्तर तिघींचंही सारखंच होतं. काही नाही.

मंचावर बोलवायला सुरुवात झाली. निवेदिका गोड आवाजाची होती. ती प्रत्येकीबद्दल दोन वाक्यं वाचायची, मुख्य पाहुण्या तिच्या खांद्यांवर शाल घालायच्या, फोटो निघायचा, आणि पुढची. मुख्य पाहुण्या म्हणजे पक्षाच्या एक ज्येष्ठ नेत्या, वर्तमानपत्रात नेहमी दिसणारा चेहरा. प्रत्यक्षात त्या मला वाटलं त्यापेक्षा ठेंगण्या होत्या आणि थकलेल्या.

सासूबाईंचं नाव पुकारलं. मी त्यांना हात धरून पायऱ्यांपर्यंत नेलं. निवेदिका वाचत होती, "यजमानांच्या मार्गदर्शनाखाली यांनी समाजकार्याला सुरुवात केली. बाजारातल्या विक्रेत्या महिलांसाठी पक्षानं शौचालय बांधलं, त्यात यांचा मोलाचा वाटा होता." टाळ्या झाल्या. सासूबाईंनी शाल घेतली, नमस्कार केला आणि खाली आल्या. त्यांची मान ताठ होती. माझा हात त्यांनी धरला तो जरा जोरातच.

टेबलावर बसल्यावर त्यांनी संघटक बाईंना खुणेनं बोलावलं.

"तुम्ही वाचायला लावलंत ते चूक आहे," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "ते शौचालय पक्षानं बांधलेलं नाही. पक्षाचा त्याला विरोध होता."

संघटक बाई हसल्या. "अम्मा, किती वर्षं झाली. आता कुणाच्या लक्षात आहे?"

"माझ्या आहे."

बाईंना पुढच्या टेबलाकडं जायचं होतं, पण सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं होतं. बाई मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. आणि सासूबाईंनी सांगायला सुरुवात केली. मी त्या घरात इतकी वर्षं राहत होते आणि हे पहिल्यांदा ऐकत होते.

नगरपालिकेच्या पहिल्या सभेला त्या दिराबरोबर गेल्या होत्या. मामंजींना सरकारी नोकरीमुळं जाता येत नव्हतं, म्हणून धाकट्या भावाला पाठवलेलं. सभागृहात मागच्या भिंतीला लागून एक बाक होता. त्यावर अशा सगळ्या नवरे, भाऊ, दीर मंडळींनी बसायचं. अध्यक्षांनी एक ठराव वाचला आणि सासूबाईंच्या डोक्यावरून मागं बघून दिराला विचारलं, "तुमच्या वहिनींचं काय मत?" दीर म्हणाला, "मान्य."

तेव्हा विरुद्ध पक्षाच्या बाकावरून एक बाई उठली. आमच्याच गावच्या बाजारात मासळी विकायची ती. वयानं सासूबाईंपेक्षा लहान, आवाज मात्र दुप्पट. ती म्हणाली, "साहेब, त्या बाईंना तोंड आहे. मघाशी मी त्यांना पाणी पिताना पाहिलं."

"सगळं सभागृह हसलं," सासूबाई म्हणाल्या. "मला इतका राग आला तिचा. पण मी उठले. उठल्यावर काहीतरी बोलावं लागतं. मी म्हणाले, ठराव मला कळलेला नाही, परत वाचा."

त्या दिवसापासून दीर यायचा बंद झाला. त्यानं घरी येऊन सांगितलं, वहिनी माझा अपमान करतात. मामंजींनी बराच आरडाओरडा केला. सासूबाई पुढच्या सभेला एकट्याच गेल्या.

पुढं त्या मासळीवाल्या बाईनं बाजारात बायकांसाठी शौचालय बांधण्याचा ठराव आणला. सासूबाईंच्या पक्षाला तीच जागा दुकानांचे गाळे काढायला हवी होती. पक्षाच्या सगळ्यांनी विरोधात हात वर करायचे, असा आदेश आला. सभेच्या आधी ती बाई घरी आली. अंगणातच उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, "माझं ऐकून मत देऊ नका. एक दिवस माझ्या शेजारी बाजारात बसा, मग काय ते ठरवा."

"आणि तुम्ही बसलात?" संघटक बाईंनी विचारलं. त्यांचा मोबाइल वाजत होता, त्यांनी तो पालथा घातला.

"बसले. ब्राह्मणाघरची बाई मासळीच्या पाट्यांशेजारी पोतं टाकून बसली म्हणून लोक बघायला आले. नारळ विकणारी, फुलं विकणारी, भाजी विकणारी, कुणीही पाण्याचा घोट घेत नव्हती. मला वाटलं, कसला तरी उपास आहे. दुपार व्हायला आली, मला जायची घाई लागली आणि जायला जागाच नव्हती, तेव्हा कळलं उपास कसला ते."

टेबलावरच्या दुसऱ्या एका म्हातारीनं मान हलवली.

सासूबाईंनी ठरावाच्या बाजूनं हात वर केला. ठराव काठावर पास झाला. शौचालय बांधलं गेलं. पुढच्या निवडणुकीत पक्षानं त्यांना तिकीट दिलं नाही. त्या दुसऱ्या बाईचा वॉर्ड खुला झाला आणि तिच्या पक्षानं तिथं एका पुरुषाला उभं केलं. तीही घरी बसली.

"मला उभं केलं तेव्हा विचारलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या, "आणि बसवलं तेव्हाही नाही. पक्षानं नाही, घरच्यांनीही नाही. तेव्हा गौरव करायचा तर करा. पण त्या शौचालयाला पक्षाचं नाव लावू नका."

संघटक बाई काहीतरी बोलणार होत्या, पण तेवढ्यात मुख्य पाहुण्या टेबलांवरून फिरत आमच्याकडं आल्या. मागं छायाचित्रकार, पुढं दोन कार्यकर्ते. त्यांनी रिवाजाप्रमाणं वाकून सासूबाईंचे पाय धरले. सासूबाईंनी आशीर्वाद दिला आणि त्याच श्वासात तेच सांगितलं. एवढं सगळं नाही, थोडक्यात. पुढच्या टेबलावरचे बांधकामवाले गृहस्थ मागं वळून बघत होते.

नेत्या बाईंनी छायाचित्रकाराला हातानं थांबवलं आणि संघटक बाई उठल्या त्या खुर्चीवर स्वतः बसल्या. "त्या मासळीवाल्या बाई आहेत का अजून?" त्यांनी विचारलं.

"आहेत, असं ऐकलं. कोवलमला लेकीकडं असतात."

"मला वडिलांच्या जागी उभं केलं होतं," नेत्या म्हणाल्या. आवाज अगदी खाली आणून, जणू फक्त सासूबाईंना. "पहिली दोन भाषणं मी त्यांच्या आवाजात केली. लोकांना ते आवडलं. तिसऱ्या वेळी माझ्या आवाजात केलं, तर पक्षातल्यांनी विचारलं, तब्येत बरी नाही का?"

सासूबाई हसल्या. मी त्यांना इतक्या मोकळेपणानं हसताना क्वचितच पाहिलं होतं. दोघी आणखी थोडा वेळ काहीबाही बोलल्या, मग कार्यकर्त्यांनी नेत्यांना उठवलं. कॉलेजवाले वाट बघत होते.

जेवण आलं. तांदळाच्या शेवयांचं इडिअप्पम, कुर्मा, दोन प्रकारचे भात. सासूबाईंनी दहीभात तेवढा घेतला. शेवटी नेत्यांचं भाषण झालं. पक्षाचं काम, सरकारच्या योजना, निधीबद्दल आभार. मग त्या म्हणाल्या की आज त्यांना एक गोष्ट कळली. एका लहान गावात समोरासमोरच्या बाकांवरच्या दोन बायकांनी मिळून बाजारातल्या बायकांसाठी शौचालय बांधून घेतलं, आणि अशा बायकांमुळंच आपण इथं आहोत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पक्षाचा विरोध होता, हे त्यांनी सांगितलं नाही.

मी सासूबाईंकडं बघितलं. त्या भाताचा शेवटचा घास खात होत्या.

"अर्धें सांगितलें," त्या म्हणाल्या. आणि घास गिळल्यावर, "अर्धें तरी सांगितलें."

परत येताना गाडीत त्या झोपल्या. मी मात्र विचार करत राहिले. आमच्या जेवणाच्या टेबलावर इतकी वर्षं जी गंमत चालायची, तिच्या आत हे सगळं होतं. मामंजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला कंपनीच्या कामासाठी परदेशी जायला सगळ्यात आधी पाठिंबा दिला होता. तरी बायकोच्या आयुष्यातल्या त्या काळाबद्दल त्यांना सांगण्यासारखं वाटलं ते एवढंच, की तिचं नाव दिलं. त्यांना राग होता, की लाज, की खरंच काही कळलंच नव्हतं, हे आता विचारायची सोय नाही.

पुढच्या रविवारी मी सासूबाईंना कोवलमला, म्हणजे केरळातल्या नव्हे, चेन्नईजवळच्याच मच्छीमारांच्या गावी, घेऊन गेले. ती इच्छा त्यांनी बोलून दाखवली नव्हती. मीच विचारलं आणि त्या लगेच उठल्या. पत्ता मिळवायला आमच्या गावच्या बाजारातल्या बायकांना विचारावं लागलं. त्यांच्यातल्या दोघी-तिघी अजून त्या बाईंच्या ओळखीच्या होत्या.

घर समुद्राजवळच्या गल्लीत होतं, दारात जाळी वाळत टाकलेली. सासूबाईंच्या त्या मासळीवाल्या मैत्रीण बाहेरच प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. गुडघे गेले होते, आवाज नव्हता गेला. सासूबाईंना बघून त्यांनी आधी डोळे बारीक केले, मग म्हणाल्या, "तुमच्या पक्षाचं काय चाललंय बघा. दिव्याचं बिल किती वाढवलंय."

"आणि तुमच्यांनी काय दिवे लावले होते?" सासूबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या खुर्चीत बसल्या.

इतक्या वर्षांनी भेटणाऱ्या दोघी गळ्यात पडून रडतील अशी माझी कल्पना होती. तसं काहीच झालं नाही. दोघी तास-दीड तास भांडल्या. रेशन, बंदर, मच्छीमारांना मिळणारी मदत, मुख्यमंत्र्यांची भाषणं. लेकीनं मला आत बसवलं, शहाळं दिलं आणि म्हणाली, "आईला किती दिवसांनी असं बोलायला मिळालं. माझ्याशी बोलते ती फक्त औषधांबद्दल."

एग्मोरच्या जेवणाची हकीगत सासूबाईंनी सांगितली. मैत्रीण म्हणाल्या, "माझ्या पक्षानं तर बोलावलंही नाही. चला, तुम्हाला दहीभात तरी मिळाला." दोघी हसल्या. मला वाटतं, त्या हसण्यात दुःखही होतं, पण ते मी माझ्या मनानं म्हणतेय. त्यांनी तसं काही दाखवलं नाही. आता दोघी आठवड्यातून दोनदा तरी फोनवर बोलतात, म्हणजे भांडतात.

संघटक बाईंचा फोन मला त्यानंतर लवकरच आला. आमचा वॉर्ड पुन्हा बायकांसाठी राखीव राहील असं दिसतंय, तुम्ही विचार करा, अम्मांचं नाव आहे, मदत आम्ही करू. मी म्हणाले, नोकरी आहे. त्या म्हणाल्या, नोकरी खासगी आहे, जमवता येतं. शेवटी मी खरं ते सांगितलं. "मॅडम, तुमच्या पक्षाचं मला सगळं पटत नाही."

"सगळं पटायला कुठं लागतं?" त्या अगदी सहज म्हणाल्या. त्यांना वाईटही वाटलं नाही.

मी नाही म्हणाले. फोन ठेवल्यावर सासूबाईंनी विचारलं, "कोणता पटतो?"

"पूर्ण असा कोणताच नाही."

"मज तरी कोठें पटत होता," त्या म्हणाल्या आणि वर्तमानपत्र उघडलं. त्या माझ्यावर रागावल्या असतील असं मला वाटलं होतं. पण संध्याकाळी त्यांनीच माझ्या नवऱ्याला सांगितलं, "तिनें विचार करून नकार दिला. तूं मधें बोलूं नकोस."

नकार दिला तरी मला स्वस्थ बसवेना. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या गटाराचं काम अर्धवट सोडून कंत्राटदार गेला. पाणी साचलं, डास झाले. आम्ही सात-आठ बायका एका शनिवारी सकाळी नगरसेविकेच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत कार्यालय केलं होतं. खुर्चीवर तिचा नवरा बसलेला. त्यानं आम्हाला बसायला सांगितलं, चहा मागवला, चांगला वागला. मग म्हणाला, "बोला."

मी विचारलं, "मॅडम कुठं आहेत?"

"आत आहेत. कामात आहेत. मी बघतो ना सगळं."

"असू दे," मी म्हणाले. "आम्ही थांबतो."

तो जरा गोंधळला. माझ्याबरोबरच्या बायकाही माझ्याकडं बघायला लागल्या, कारण आमचं असं काही ठरलेलं नव्हतं. पण कुणी उठलं नाही. चहा आला, तो आम्ही प्यायलो. नवरा दोनदा आत जाऊन आला. शेवटी ती आली. तिशीची असेल. हात पदराला पुसत, केस घाईघाईनं बांधलेले. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग आमच्याकडं. नवरा खुर्चीवरून उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

ती खुर्चीच्या कडेवर बसली. "कुठल्या गल्लीतलं गटार?" तिनं विचारलं. मी सांगितलं. मग शेजारीण सांगायला लागली, मग आम्ही सगळ्याच.